तीन मिलिमीटर

आमच्या वाडीत त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं. माझ्या धाकट्या भावानं, नंदूनं, त्यांना 'मिलिमीटर' म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात किराणावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. मी मात्र त्यांना सर म्हणायचे. मी तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे ते जे बोलत त्यातलं थोडंफार मला कळायचं. मला ते कळत नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या बनात आमचं घर आहे. पर्यटकांसाठी नंदूनं मागे दोन नव्या खोल्या बांधल्या होत्या. फरश्या, कमोड, एसी, सगळं होतं. सर आले तेव्हा त्यांनी त्या खोल्यांच्या छताकडे पाहिलं आणि विचारलं, वर स्लॅब आहे का. नंदू अभिमानानं हो म्हणाला. मग आत लोखंडी सळ्या आल्या, नको, असं म्हणून ते बाजूच्या जुन्या खोलीत शिरले, जिथे आम्ही जाळी आणि दोऱ्या ठेवायचो. चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे, वर कौलं. त्यांनी ती खोली मागितली. नंदूला वाटलं, माणूस भाडं पाडून घ्यायला बघतोय. पण भाडं त्यांनी नव्या खोलीचंच दिलं.

त्यांना लोखंड चालत नव्हतं. खोलीतला पंखा त्यांनी काढायला लावला. लोखंडी खाट बाहेर गेली, तिच्या जागी सुंभाची बाज आली. दाराची कडी काढून त्यांनी दोरीचा फास बसवला. भेटायला येणाऱ्यानं किल्ल्या, मोबाईल, केसांतल्या पिना, सगळं पडवीतल्या टोपलीत ठेवायचं आणि मगच आत यायचं. आमच्या आईला हे अजिबात पटलं नाही. घरमालकीण आपल्याच खोलीत पिना काढून का जाईल? ती एकदाच गेली, उंबऱ्यावरून आत बघून परत आली आणि म्हणाली, "मयताच्या घरात पण इतक्या सोवळा नसता."

एवढं करूनही त्यांचं समाधान झालं नाहीच. होकायंत्र घेऊन ते भिंतीलगत फिरले आणि काटा किंचित हलतो म्हणून दोन दिवस उदास बसले. चिऱ्यात लोखंडाचा अंश असतो, म्हणून तर तो तांबडा दिसतो, हे मी दरवर्षी सातवीच्या मुलांना शिकवते. पण ते कोणाला नडेल असं कधी वाटलं नव्हतं. शेवटी त्यांनी टेबल ओढून खोलीच्या बरोबर मध्यावर आणलं आणि सर जाईपर्यंत ते तिथून हललं नाही.

ते काय करत होते ते सांगते. हृदयाचे ठोके बिघडले की डॉक्टर मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी आत घालतात आणि ती सरकवत हृदयापर्यंत नेतात. तिला कॅथेटर म्हणतात. ती कुठे पोचली हे डॉक्टरला डोळ्यांनी दिसत नाही. रोग्याच्या पलंगाखाली तारांची वेटोळी असतात, ती चुंबकाचं क्षेत्र तयार करतात, नळीच्या टोकातलं इवलंसं वेटोळं ते पकडतं आणि यंत्र पडद्यावर एक ठिपका दाखवतं. टोक इथे आहे. डॉक्टर त्या ठिपक्यावर विश्वास ठेवून हृदयाचा बिघडलेला तेवढाच बिंदू जाळतो. पण जवळपास लोखंड असलं की क्षेत्र वाकतं आणि ठिपका सरकतो. रोगी श्वास घेतो तेव्हा हृदयच हलतं आणि ठिपका आणखी सरकतो. किती सरकतो, आणि तो परत जागेवर कसा आणायचा, एवढाच सरांचा आयुष्यभराचा विषय होता.

असं यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीत ते वीसेक वर्षं होते. पडद्यावर ठिपक्याऐवजी वर्तुळ दाखवा, असं त्यांचं म्हणणं होतं. टोक या वर्तुळात कुठेतरी आहे, एवढंच आपल्याला खरं माहीत आहे. कंपनीचं म्हणणं, वर्तुळ पाहून डॉक्टर बिचकतात, ठिपका विकला जातो. हा वाद काही वर्षं चालला आणि एका सकाळी ते राजीनामा देऊन मोकळे झाले. बायको आधीच गेलेली, मूल नाही. आजोळ दोडामार्गाकडचं, पण तिथे आता रबराची लागवड झाली होती आणि ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. म्हणून समुद्राकडे आले.

समुद्र त्यांना बघायला नको होता, वापरायला हवा होता. रक्ताइतकं खारट पाणी लागायचं. एक भाग समुद्र, तीन भाग आमची विहीर, असं मिश्रण ते प्लास्टिकच्या पिंपात करायचे. पिंपात लाकडाचं हृदय बुडवलेलं असायचं. ते पिंगुळीच्या एका बाहुल्या बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडून पांगाऱ्याच्या लाकडात कोरून आणलं होतं. कारागिरानं ते फारच देखणं केलं, दोन्ही बाजू सारख्या. सरांनी ते तीनदा परत पाठवलं. हृदय वाकडं असतं, हे त्या म्हाताऱ्याला पटवायला त्यांना पावसाळा लागला. हृदयावर बारीक खड्डे होते, प्रत्येकाची जागा मोजून वहीत लिहिलेली. नळीचं टोक एकेका खड्ड्यात ठेवायचं आणि यंत्र काय सांगतं ते बघायचं. श्वासासाठी त्यांनी एका भजनी मंडळाची जुनी पेटी विकत घेतली, तिच्या सुरांच्या पितळी पट्ट्या उपटून टाकल्या आणि नुसता भाता ठेवला. भाता हलवला की पिंपातली रबरी पिशवी फुगायची आणि हृदय वर-खाली व्हायचं. देवाची पेटी फोडली म्हणून मंडळ बरेच दिवस रागावलं होतं. दुपारी शाळेतून आले की मला तो भाता ऐकू यायचा, सावकाश, आजारी माणसाच्या श्वासासारखा.

बोलण्यातही ते तसेच. बसस्टॉप किती लांब, असं पर्यटकानं विचारलं तर म्हणायचे, चारशे पावलं, वीस इकडे तिकडे. वय विचारलं तर एकसष्ट, सहा महिने कमी-जास्त, कारण शाळेत तारीख मामानं अंदाजानं घातली होती. कुणी ठामपणे काही सांगितलं की ते मान खाली घालून ऐकायचे आणि मग हळूच विचारायचे, "यात चूक किती धरायची?" जत्रेच्या वर्गणीला आलेल्या पोरांनाही त्यांनी हे विचारलं होतं. त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं, नंदू सोडून.

नंदूवर त्यांचा जीव होता. का, ते सांगता येत नाही. नंदू नववीत शाळा सोडलेला, मोठ्यानं बोलणारा, पावसाळा संपला की मासेमारी आणि उन्हाळ्यात पर्यटकांना होडीतून फिरवणारा. एकदा तो सरांना घेऊन समुद्रात गेला. पाण्याखालचं खडप, मासे जमतात तो खडक, नेमकं कसं सापडतं, असं सरांनी विचारलं. नंदूनं दाखवलं, देवळामागचा उंच माड डोंगराच्या खाचेत दिसला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला बंदराचा खांब पांढऱ्या घराला लागला पाहिजे. दोन्ही जुळलं की खाली खडप. सरांनी विचारलं, माड पडला तर?

"माड पडलो तर तिसरी खूण," नंदू म्हणाला. "दोन खुणांवर कोण इश्वास ठेवता?"

सर हसले, असं नंदूनं घरी येऊन सांगितलं तेव्हा आमचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाखाली आणखी एक वेटोळं बसवलं.

चौथ्या वर्षी मे महिन्यात नंदू होडीत बेशुद्ध पडला. पर्यटक होते, त्यांतल्याच एकानं होडी किनाऱ्याला लावली. दहा मिनिटांत तो उठून बसला आणि लोकांची माफी मागायला लागला. आधीही त्याची छाती धडधडायची, पण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गोव्यातल्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, त्याच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जास्तीची वाट आहे. ठोके कधीकधी त्या वाटेनं सुसाट सुटतात. नळी घालून ती वाट जाळली की माणूस बरा होतो. नंदूच्या बाबतीत ती वाट हृदयाच्या मुख्य वाटेच्या अगदी शेजारी होती, त्यामुळे काळजीपूर्वक करावं लागेल. पण करा, आणि लवकर करा. जुलैची तारीख दिली. मासेमारी बंद असते त्या दिवसांत होऊन जाईल.

आमचे वडील त्याच्या सहा वर्षं आधी पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला गोव्याला गेले होते, ते अँब्युलन्समधून चादरीखाली परत आले. त्यामुळे आमच्या घरात 'ऑपरेशन' हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. आई मला म्हणाली, तुझ्या त्या मिलिमीटराला विचार. जन्मभर तेच करतोय ना तो? तो काय म्हणतो ते करू.

मी गेले. सरांनी डॉक्टरांचे कागद ठेवून घेतले आणि एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला पडवीत बसवून जमिनीवर खडूनं हृदय काढलं, वाकडं. इथे मुख्य वाट, इथे नंदूची जास्तीची. दोहोंमध्ये फारच थोडं अंतर. यंत्राची चूक श्वासासकट धरली तर तीन मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे मुख्य वाट दुखावण्याची शक्यता आहे. तसं झालं तर पेसमेकर बसवावा लागेल. मग पर्यटकांच्या होड्या जमतील, पण जाळी ओढण्याचं काम कदाचित सोडावं लागेल. हे सगळं ते तासभर सांगत होते, एकेक शब्द तोलून. मग थांबले. खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पण जा. यंत्राची चूक मला माहीत आहे. न जाण्यात किती चूक आहे, ती मोजता येत नाही. मी असतो तर गेलो असतो."

इतकं ठाम बोलताना मी त्यांना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

घरी आले तेव्हा आई आणि नंदू जेवायला बसले होते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. नंदूच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून दिसतं. तो घाबरला होता आणि घाबरल्याचं दाखवायचं नव्हतं. मी म्हटलं, सर म्हणतात तीन मिलिमीटरची चूक होऊ शकते आणि याची जागा कठीण आहे.

"मगे जा म्हणतत की नको?" आईनं विचारलं.

मला गोव्याच्या ऑपरेशन थिएटरच्या दारासमोरचा बाक आठवला, जिथे मी वडिलांसाठी बसले होते. परत तिथे बसायचं माझ्या अंगात नव्हतं. मी म्हटलं, "तसा काय सांगूक नाय तेंनी."

नंदूनं सुटल्यासारखा श्वास सोडला. सीझन झाल्यावर बघूया, म्हणाला. आईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. गोव्याला मीच फोन करून तारीख पुढे ढकलली.

सरांनी नंतर विचारलं तेव्हा मी सांगितलं, नंदूच नको म्हणतोय. ते दोनदा नंदूशी बोलायला आले. नंदूनं गंमत करून विषय बदलला. त्यांना माणसाच्या मागे लागणं जमत नव्हतं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या. गणपती झाले आणि पुढच्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, किनारा दिसत असताना नंदू जाळं ओढता ओढता पुढे कोसळला. बरोबरच्यांनी छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा मी शाळेत तिसऱ्या तासाला होते. तो तीस वर्षांचा होता.

बाराव्याला कोणीतरी बोललं, मिलिमीटरानच नको सांगल्यान म्हणून पोरगो गेलो. आई रडता रडता हो म्हणाली. मी भांडी घासत होते, ऐकलं आणि घासत राहिले. चार दिवसांत ते वाडीभर झालं. किराणावाल्यानं सरांशी बोलणं सोडलं. सर रोज येत, पडवीच्या खाली उभे राहत, आईला काही म्हणायचा प्रयत्न करत आणि परत जात. खोलीतला भाता महिनाभर बंद होता.

मग एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. मी सवयीनं पिना काढायला लागले, तर म्हणाले, राहू दे.

"त्या संध्याकाळी मी शेवटी काय म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं. "मी 'जा' म्हणालो, असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे मोजणं नव्हे. तू समोर होतीस."

मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही, सर."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर मी कदाचित बोलले असते. त्यांनी स्वतःवर घेतला. त्यानंतर त्यांच्या खिशात एक छोटी वही आली आणि ते आपण बोललेलं प्रत्येक वाक्य तिच्यात लिहायला लागले. दुकानात उभे राहून लिहायचे: अर्धा किलो साखर मागितली. पोस्टमनला: उद्या या, असं म्हणालो. माणसं बघायची आणि डोक्यावर परिणाम झाला म्हणून पुढे जायची.

आणखी दोन वर्षं ते राहिले. भाता परत सुरू झाला. श्वासामुळे होणारी चूक कशी कमी करायची, ते त्यांना सापडलं. ते त्यांनी एकदा मला दाखवलं, नळीचं टोक खड्ड्यात होतं, पिशवी फुगत होती आणि आकडा जवळजवळ हलत नव्हता. मी छान म्हटलं. ते म्हणाले, "हो. आता झालं." आवाजात काहीच नव्हतं. सगळं गणित त्यांनी गोव्याच्या त्याच डॉक्टरांना पाठवलं, एक पैसा न मागता. आभाराच्या दोन ओळी आल्या. पुढे त्याचं काय झालं, कोणी वापरलं की कपाटात पडलं, मला माहीत नाही.

गुडघे चालेनात तेव्हा पुण्याचा भाचा त्यांना न्यायला आला. सामान गाडीत गेलं. पिंप, भाता आणि लाकडी हृदय त्यांनी मागेच ठेवलं. भाचा देवळात जाऊन येतो म्हणून गेला आणि आम्ही दोघंच पडवीत उरलो. तेव्हा मी सांगितलं. तुम्ही 'जा' म्हणाला होतात. मी घरी ते सांगितलं नाही. मला भीती वाटली. आणि नंतर तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोलले.

त्यांनी नेमके शब्द विचारले. मी सांगितले. त्यांनी ते वहीत लिहायला पेन काढलं आणि तसंच हातात धरून बसले.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस," ते म्हणाले. "त्यांना आता तू एकटीच आहेस. मी तर जातोच आहे. माझ्यावर राहू दे ते."

आयुष्यभर चूक लपवायची नाही म्हणून ज्यांनी नोकरी सोडली ते हे म्हणत होते. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही, गुडघा दुखत होता म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. आई मागच्या अंगणात सुकट वाळत घालत होती. मी तिला सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "गेलो? माझ्या झिलाक खाल्ल्यान तेनी. देव बघता."

इतकी वर्षं मी हे ऐकून आत जात असे. त्या दिवशी पाय हलले नाहीत. "आये," मी म्हटलं, "तेंनी जा म्हणान सांगल्यानी. मीच तुमका सांगूक नाय."

तिला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं, तासभराचं बोलणं, खडूनं काढलेलं हृदय, शेवटचं वाक्य. ते वाक्य तिनं मला दोनदा म्हणायला लावलं. मग ती अंगणातल्या दगडावर बसली. सुकटीवर कावळे उतरले, तिनं हाकलले नाहीत.

"दोन वर्सा तो माणूस ह्या पायऱ्येर येऊन उभो रवलो," ती शेवटी म्हणाली. "मी तेका बस म्हणूक नाय."

मला ती काही म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. सकाळी चहा देते, शाळेला निघताना डबा देते, आणि पुढे आलेला माझा हात टाळून तो डबा ओट्यावर ठेवते.